यशच्या मारधाडीच्या पिक्चरांबद्दल

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "दादाचा पोट्टा दिवसभर मारधाडीचे पिक्चर पाहून राहिला, तू समजाव त्याला." फोनवर हे सगळं नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते. हल्ली पिक्चर पाहून आले की रात्री वहीत काहीबाही लिहीत बसते. घरात अजून कुणाला हे माहीत नाही. त्या वहीतलंच थोडं तुमच्यासाठी उतरवते.

मारधाडीचे पिक्चर मलाही आवडतात. ती आवड बाबांकडूनच आली. तुम्ही 'शोले' गोंदियाच्या टॉकीजात पाहिला होता, आणि गावात व्हिडिओ आला तेव्हा आम्हां भावंडांना उठवून दाखवला होता. त्यामुळे पडद्यावर रक्त दिसलं की पिक्चर वाईट, असं मला म्हणता येत नाही. 'शोले'त काय कमी आहे? ठाकूरचं घरच्या घर मारलं जातं, त्याचे दोन्ही हात तोडले जातात.

पण ते कसं दाखवलंय ते आठवा. लहानग्या नातवावर गब्बर बंदूक रोखतो आणि पुढच्या क्षणाला आगगाडी येते. मग ठाकूर घरी येतो, अंगणात ओळीने प्रेतं, वाऱ्याने त्यांच्यावरची कापडं उडताहेत. इमामचाचाच्या पोराला, अहमदला, मारतानाही दिसत नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो, आणि पोराचं प्रेत घोड्यावरून गावात येतं. आंधळा इमामचाचा विचारत राहतो, सगळे गप्प का, आणि कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. आई, तू तिथे दर वेळी रडायचीस. त्या पोराला जबलपूरच्या बिडी कारखान्यात काम लागणार होतं, आणि तुझं अर्धं आयुष्य सूप मांडीवर घेऊन बिड्या वळण्यात गेलं. तो पोरगा तुला आपल्या गल्लीतलाच वाटायचा.

आता यश पाहतो त्या पिक्चरांत हिरो एका दमात पन्नास माणसं कापतो. धान कापल्यासारखी ती आडवी होतात. त्यांना नाव नाही, गाव नाही, घरी वाट पाहणारं कुणी नाही. हिरो त्यांना ओलांडून पुढे जातो, मागे ढोल वाजतात आणि टॉकीजात शिट्ट्या. मला भीती रक्ताची नाही, त्या शिट्ट्यांची वाटते. मोहफुलं वेचायला गेलेल्या आपल्या शेजारच्या काकांना वाघाने मारलं, तेव्हा आपल्या गल्लीत दोन दिवस चूल पेटली नव्हती, तेरवीपर्यंत कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. एक माणूस गेला की मागे एवढं सगळं होतं. ते यशने पाहिलेलं नाही, तेव्हा तो पाळण्यात होता.

बाबा, 'शोले'चा शेवट तुम्हांला कधी पटला नाही. ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बर जिवंत राहतो. तो शेवट सेन्सॉरने बदलायला लावला होता. 1975 साल, आणीबाणी सुरू होती, आणि माजी पोलीस अधिकारीच कायदा हातात घेतो हे त्यांना चालणार नव्हतं. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनीच मारतो आणि मग ढसाढसा रडतो. हा मूळ शेवट जोडलेली प्रत 2025 मध्ये इटलीत बोलोन्याला दाखवली. मला त्यातलं ते रडणंच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सूड घेऊनही गेलेलं कुणी परत येत नाही, हे त्या म्हाताऱ्याला तिथे कळतं. सेन्सॉरने मारणं काढलं आणि त्याच्यासोबत रडणंही गेलं.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर नियम आहेत. 2023 च्या कायद्याने यूए चे, म्हणजे आईबापांच्या देखरेखीत पाहायच्या पिक्चरांचे, सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग केलेत, आणि ए चा पिक्चर अठराच्या आतल्याने पाहायचा नाही. पण टॉकीजच्या दारावर अडवायला माणूस असतो, मोबाईलवर कोण अडवणार?

म्हणून माझं एवढंच ऐका. त्याचा मोबाईल हिसकू नका, तो रानात जाऊन मित्राच्या मोबाईलवर पाहील. बाबा, तुम्ही त्याच्याजवळ बसून एखादा पिक्चर पाहा. मध्येच विचारा, "हा जो आत्ता मेला, तो कोणाचा रे?" तो वैतागेल, तरी विचारा. आणि दिवाळीनंतर गावच्या जत्रेत, मंडईत, नाटक लागेल तेव्हा त्याला रात्रभर बसवा. झाडीपट्टीच्या नाटकातही खून होतात, व्हिलन तर गावभर शिव्या खातो, पण पोरगा मेला की त्याची माय स्टेजवर येते, पेटीवर गाणं सुरू होतं आणि सगळा शामियाना डोळे पुसतो. यशला ते कंटाळवाणं वाटलं तरी उठू देऊ नका.

मी मंडईला येतेच आहे, 'शोले' घेऊन येईन. आई, धान कापणीच्या घाईत गुडघ्याचं तेल विसरू नकोस.

तुमची,
ताई