विषय : तळ्यातल्या कुमुदाला ‘पाणी जास्त झाल्या’बाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्याकडे केलेला पाचवा फोन दहा मिनिटांपूर्वी संपला आणि मी लगेच लिहायला बसले आहे. तक्रार क्रमांक तुमच्याकडे असेलच. एक नाही, पाच असतील, कारण दर फोनला नवा क्रमांक आणि दर नव्या क्रमांकाला पहिल्यापासून कहाणी, अशी तुमच्याकडची रीत आहे.

बागेतल्या तळ्यासाठी घेतलेला कुमुदाचा, म्हणजे वॉटर लिलीचा, मोठा संच. त्यात काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे : कंद, जाळीची कुंडी, माती, खताच्या गोळ्या, माहितीपत्रक. खताच्या गोळ्या ठीक होत्या, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे.

आधी ती ‘जलवनस्पतींसाठी खास’ माती. कुंडी पाण्यात सोडून हात बाहेर काढेपर्यंत ती निम्मी वर आली होती. आधी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यामागून पर्लाइट, म्हणजे माती हलकी करायला घालतात ते पांढरे खडे. तळ्यावर तपकिरी साय धरली आणि तिच्यात पांढरे दाणे तरंगायला लागले. माझ्या गप्पींनी ते खाऊ समजून तोंडात घेतले आणि थुंकले. पुन्हा घेतले, पुन्हा थुंकले. माशांना जे दुसऱ्या घासाला कळलं ते तुमच्या मिश्रण विभागाला अजून कळायचं आहे. कुमुदाला जड, चिकण माती लागते, बागेत खणून निघते तसली. पाण्यात गेल्यावर जागची हलू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. उरलं ते गांडूळखत. ते पाण्यात उतरलं आणि आठवड्याभरात तळं असं हिरवं झालं की मासे दिसेनात.

मग माहितीपत्रक. ‘कंद मातीने पूर्ण झाकून घ्यावा.’ मी झाकला. हात अडखळला होता, कारण कोंब मातीच्या वर मोकळा ठेवायचा असतो, कंद कुंडीच्या कडेला तिरपा टेकवून कोंबाचं तोंड मध्याकडे करायचं असतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण मी ११ वर्षं तुमच्याकडून बियाणं आणि अवजारं घेते आहे. म्हटलं, छापलंय म्हणजे यांना जास्त कळत असेल. चौथ्या आठवड्यात पानं मधूनच पिवळी पडायला लागली तेव्हा कुंडी बाहेर काढली. कंदावर अंगठा दाबला तर अंगठा आत गेला. वास किती वेळ हाताला राहिला ते सांगत नाही.

आता आजचा फोन. हा मी शब्दशः लिहिते आहे, कारण तुमच्याकडे संभाषण ‘गुणवत्तेसाठी’ ध्वनिमुद्रित होतं म्हणे. ताडून बघा.

“मॅडम, प्लांटला रोज किती पाणी देता?”

मी म्हटलं, “तळ्यात आहे.”

“हो मॅडम, पण दिवसातून किती वेळा?”

“अहो, ते पाण्यातच आहे. वॉटर लिली आहे ती.”

पलीकडे टाइप केल्याचा आवाज. मला वाटलं, आता उलगडा होतोय.

“ओके मॅडम. पानं पिवळी पडणं हे ओव्हरवॉटरिंगचं लक्षण आहे. दोन दिवस पाणी बंद ठेवा. वरची एक इंच माती कोरडी झाली की मगच द्या.”

“वरची माती वीतभर पाण्याखाली आहे.”

“मग पाणी जास्तच झालंय, मॅडम.”

मी गप्प. त्याने पुढचा प्रश्न वाचला. “कुंडीला खाली होल आहे ना?”

“जाळीची कुंडी आहे. सगळी होलंच आहेत. तुम्हीच पाठवलीय.”

“व्हेरी गुड मॅडम, म्हणजे ड्रेनेज चांगलं आहे. अजून काही मदत करू शकतो का?”

आणि फोन ठेवायच्या आत मोबाईलवर मेसेज : आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

त्या मुलावर माझा राग नाही. तो शेवटपर्यंत अदबीने बोलला. त्याच्या पुढ्यात जो पडदा ठेवलाय त्यावर जगातल्या यच्चयावत झाडांना एकच आजार आहे, तर तो तरी काय करणार? कुमुदं विकताना ती पाण्यात राहतात एवढं आपल्या माणसांना सांगून ठेवावं, असं कुणालाच वाटलं नाही?

त्याआधी चौथ्या फोनला तुमच्या वरिष्ठांनी कारंजं बसवायला सांगितलं होतं. ‘ऑक्सिजन मिळेल.’ कुमुदाला संथ पाणी लागतं. पानांची श्वासरंध्रं वरच्या अंगाला असतात, त्यांवर दिवसभर तुषार उडवून काय मिळणार? पण त्यांना तरी का बोलावं, तुमच्या खोक्यावरच्या चित्रात कुमुद नेमकं कारंज्याखाली फुललेलं आहे. त्याच खोक्यावर ‘महिनाभर टिकणारं फूल’ असंही आहे. कुमुदाचं एक फूल तीन-चार दिवस उघडतं, मिटतं आणि पाण्याखाली जातं. तुमचं महिनाभर टिकत असेल तर ते प्लास्टिकचं आहे.

आणि हो, ते पर्लाइट. मी आजही चहाच्या गाळणीने काढते आहे.

‘ऊन कमी पडलं असेल’ हे उत्तर पाठवू नका. तळ्यावर रोज ६ तासांहून जास्त ऊन असतं, हे मी पाचही वेळा सांगितलं आहे.

कुजका कंद मी टाकला नाही. धारदार सुरीने पांढरा, कडक भाग लागेपर्यंत कापत गेले. जेमतेम बोटभर तुकडा उरला, त्याला एक डोळा होता. जुन्या घमेल्यात बागेतली माती भरून तो लावला, डोळा उघडा ठेवून, वर वाळूचा थर. तुमची माती नाही, तुमची कुंडी नाही, तुमचं पत्रकही नाही. परवा त्याला तांबूस पान आलं, दोन्ही कडांनी आत गुंडाळलेलं. आज दुसरं पाण्याच्या वर येऊन उलगडलंय. त्यामुळे ‘कंद मुळातच अशक्त होता’ हे तिसऱ्या फोनवरचं कारणसुद्धा आता चालणार नाही.

मला संचाचे पूर्ण पैसे परत हवेत. बदली संच नको, त्यात तीच पिशवी येणार. ती माती विकणं थांबवा आणि पत्रकातलं ते वाक्य काढा, नाहीतर उद्या आणखी कुणीतरी विश्वासाने कंद गाडून बसेल. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर गाळून काढलेल्या पर्लाइटची बाटली, कुजलेल्या कंदाचे फोटो आणि वरचं संभाषण घेऊन मी ग्राहक आयोगात जाणार आहे. ११ वर्षं जुन्या गिऱ्हाइकाला असं लिहावं लागणं मला बरं वाटत नाही, पण ते तुम्हाला आधी वाटायला हवं होतं.

उत्तर लेखी द्या. कृपया फोन करू नका.

तुमची (अजून तरी) ग्राहक