राजारामपुरीतल्या दुरुस्तीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानात आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचावंच लागेल.

बाबांचा पाम थ्री, तो खिशात मावणारा डायरीवाला छोटा कॉम्प्युटर, तुम्हाला आठवत असेलच. 1998 चं मॉडेल, मेमरी 2 एमबी. आजच्या मोबाइलचा एक फोटोही त्यात मावायचा नाही. पण आमच्या उद्यमनगरातल्या पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांच्या, वर्कशॉपची निम्मी अक्कल त्या डबीत होती. कास्ट आयर्नला श्रिंकेज, म्हणजे ओतलेलं थंड होताना आकसणं, मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर, हे कुणीही सांगेल. कुठल्या जॉबच्या कुठल्या कोपऱ्यात तो हिशेब चालत नाही, कोणता फौंड्रीवाला मशिनिंगला जास्त माल मागतो, हे बाबांनी काडीने एकेक अक्षर गिरवून लिहून ठेवलेलं. तेही रोमन अक्षरांत मराठी, कारण त्यात देवनागरी नव्हती. एका मेमोत जेमतेम चार हजार अक्षरं बसायची, म्हणून मोठ्या जॉबचे 'भाग 1', 'भाग 2', 'भाग 3'.

यातलं सगळं कॉम्प्युटरवर काढून द्या म्हटलं की बाकी ठिकाणी उत्तर एकच मिळालं, भंगारात घाला. तुम्ही वायरीचं नावसुद्धा न काढता विचारलंत, "सेल कधी बदलल्यात?" तिथेच मला कळलं की योग्य माणसाकडे आलोय. या मशीनची मेमरी सेलवरच जगते. सेल पूर्ण उतरले की लिहिलेलं सगळं साफ, आणि बदलताना हातात असतं ते जेमतेम एक मिनिट. तुम्ही नवे दोन छोटे पेन्सिल सेल आधी वेष्टनातून काढून, प्लस-मायनस बघून टेबलावर मांडलेत, मशीन बंद केलंत, आणि मग जुने काढलेत. माझा श्वास अडकला होता. तुम्ही मात्र त्याच वेळी पोराला चहा सांगत होता!

मग क्रेडलच्या, म्हणजे पाम ठेवून कॉम्प्युटरला जोडायच्या स्टँडच्या, पिना. खोडरबरानं पामखालच्या पट्ट्या घासल्यात, क्रेडलच्या स्प्रिंगवाल्या पिना आयपीए (सफाईचं अल्कोहोल) लावलेल्या कापसानं पुसल्यात. नऊ पिनांचा प्लग, नव्या कॉम्प्युटरला तसलं भोकच नाही, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर जोडलात. क्रेडलचं बटण दाबलं की 'टुडुंग' वाजायचं आणि मध्येच कनेक्शन तुटायचं. कॉम्प्युटरवरचा स्पीड 9600 वर उतरवलात आणि गाडी चालू लागली. सेकंदाला जेमतेम एक केबी. चहा आला, संपला, कप परत गेला, तरी काम चालूच.

पण आभार मानायचेत ते खरं तर त्याच्या आधीच्या एका गोष्टीचे. बटण दाबण्यापूर्वी डायरी, पत्ते, कामं, मेमो अशा एकेका नावावर क्लिक करून 'पामवरून कॉम्प्युटरवर' असंच निवडलंय ना, हे तुम्ही तपासलंत. उलटं राहिलं असतं तर कॉम्प्युटरच्या रिकाम्या यादीनं बाबांची भरलेली यादी पुसली असती, आणि मशीननं काम व्यवस्थित झालं असंच दाखवलं असतं. घाईतला माणूस नेमका तिथेच घसरतो. तुम्ही मला खुर्ची दिलीत आणि म्हणालात, "ताई, आता बोलू नका."

मेमो टेक्स्ट फाइलमध्ये आलेत. दादानं प्रिंट काढून वर्कशॉपात लावलेत, आणि बाबा त्यावर लाल पेनानं दुरुस्त्या करत बसलेत. तुम्ही फक्त सेलचे पैसे घेतलेत हे सांगितल्यावर ते म्हणाले, "कोल्हापुरात असली माणसं अजून हाईत व्हय?"

क्रेडल आणि वायर तुमच्या काउंटरवर राहिलीय, ती मुद्दामच ठेवलीय. कुणी दुसरं असला पाम घेऊन आलं तर लागेल. आणि पोरासाठी भडंग पाठवतेय, ते तरी परत करू नका.

तुमची,
उद्यमनगरातली पॅटर्नवाल्यांची मुलगी