पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) केवडा परत लावायचाय, पिल्लं (फुटवे) द्या, हात द्या, जमेल तसे पैसे द्या

नमस्कार मंडळी, वाडीतले आणि मुंबई-पुण्यातले चाकरमानी सगळ्यांनाच सांगतोय. मेसेज लांब आहे पण वाचा.

आधी चूक कबूल करतो. पऱ्याच्या काठावर जे केवड्याचं बन होतं ते आपल्याच मंडळाने काढलं. केवड्यात नाग असतो, पोरं तिकडून शाळेत जातात, वगैरे बोलणं झालं, जेसीबी आलेलाच होता, अर्ध्या दिवसात काठ साफ. फोटो पण काढले आपण. पुढच्याच पावसात काठ ढासळायला लागला आणि आता पायवाट जेमतेम माणूसभर राहिलीय. केवड्याची ती खोडातून खाली उतरणारी जाड मुळं माती धरून होती हे म्हातारी माणसं सांगत होती, आपण ऐकलं नाही. आणि नागाचं म्हणाल तर तो वासाला नाही येत, बेडूक-उंदीर आणि गारवा असतो म्हणून येतो, तो आता पण दिसतोच की.

तर यंदा मृगाचा पाऊस पडला की साधारण 120 मीटर काठावर दोन ओळींत केवडा लावायचा ठरलंय, दोन-दोन मीटरवर एक धरला तरी 120 पिल्लं लागतात. आपल्याकडे आहेत 35.

ज्यांच्या परड्यात (परसात) किंवा व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला केवडा आहे त्यांनी बुंध्याजवळचं पिल्लू द्या, हातभर उंचीचं, खाली दोन-तीन मुळ्या फुटलेल्या असतील असं. पानं अर्धी छाटून आणा म्हणजे सुकत नाही. महत्त्वाचं म्हणजे कणीस (वासाचं फूल) येणाऱ्या झाडाचंच पिल्लू हवं, कारण वास फक्त नर झाडाच्या फुलाला असतो, मादीला अननसासारखं फळ धरतं. माती दोन्ही धरतात, पण गौरी-गणपतीला आणि हरतालिकेला आपल्याला कणीस हवं ना! बी लावून नर की मादी ते फूल येईपर्यंत कळत नाही, पिल्लू मात्र ज्या झाडाचं काढलं त्याच्यावरच जातं. आणि कृपा करून घायपात आणू नका, काहीजण त्यालाच केतकी म्हणतात. दापोली-गुहागरकडून कोणी गाडीने येत असेल तर गोणपाटात गुंडाळून डिकीत टाका, काही होत नाही त्याला.

फुलायला तीन-चार वर्षं तरी जातील. तोपर्यंत गुरांनी तुडवू नये म्हणून चिव्याचं (बारीक बांबूचं) कुंपण करायचंय. चिवा, काथ्या आणि टेम्पोचं भाडं धरून अंदाजे 22 हजार खर्च आहे, वाडीतून 9 हजार जमलेत. बाकीचे 13 हजार आपल्यालाच उभे करायचेत, शंभर रुपये दिले तरी चालतील, पावती मिळेल आणि हिशोब गणपतीत मंडपात लावू.

फुलं लागली की काय करायचं यावर आत्ताच भांडण नको, पण काकी मंडळींचं म्हणणं मला पटलंय. पहिली कणसं घरच्या गौरीला, मग वेणीला आणि ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवायला, उरली तर बाजारात, आणि ते पैसे पुन्हा कुंपणालाच. ओडिशात गंजामला याच फुलांवर अत्तराच्या भट्ट्या चालतात, आपलं तेवढं मोठं काही नाही. कात वासवायला पूर्वी आजी कणसात ठेवायची तेवढं जरी परत सुरू झालं तरी बास.

खाडीच्या तोंडाशी जिथे कांदळ (खारफुटी) आहे तिथे कोणीही कोयता लावायचा नाही, आपली लागवड तिथून वरच्या गोड्या पाण्यातच आहे.

लागवडीचा दिवस पाऊस बघून आदल्या रविवारी ग्रुपवर टाकू. येताना फुल बाह्यांचा शर्ट आणि जाड हातमोजे आणा, पानाच्या दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेला पण काटे असतात, गेल्या वेळी पिल्लं काढताना मी स्वतः रक्तबंबाळ झालोय. चहा-भजी मंडळाकडून. किती पिल्लं देताय तो आकडा तेवढा या आठवड्यात कळवा, म्हणजे टेम्पो छोटा सांगायचा की मोठा ते ठरवता येईल.