पुराबद्दल बोलायला लावू नका, बोलायला जागा ठेवा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पावसाळ्याआधी बचत गटाची बैठक घ्यायची आणि २२ जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुराबद्दल प्रत्येकीने बोलून मन मोकळं करायचं, असं ठरतंय ना? बायकांची काळजी वाटते म्हणूनच हे मनात आलं, ते कळतं. तरी माझं कळकळीचं सांगणं आहे, गोलात बसवून एकेकीला बोलायला लावू नका. आपत्तीनंतर सगळ्यांना एकत्र बसवून घडलेलं सांगायला लावायची पद्धत पूर्वी फार चालायची. तिने पुढचा त्रास टळत नाही आणि काहींचा तर वाढतो, असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नका असं सांगितलं. वाशिष्ठी नदीचं पाणी चढत होतं तेव्हा माणसाच्या हातात काहीच नव्हतं. आता कधी बोलायचं, किती बोलायचं हेही दुसऱ्यानेच ठरवलं, तर तीच असहायता परत वाट्याला येते.

त्यापेक्षा बैठकीचा विषय यंदाची तयारी हा ठेवा. कोणाच्या गच्चीवर जायचं, अंथरुणाला खिळलेल्यांना कोण उचलणार, रोजच्या औषधांचा पंधरा दिवसांचा साठा आणि कागदपत्रं कुठल्या माळ्यावर ठेवायची. अशा कामाच्या गोष्टींतून जिला बोलायचं ती आपणहून बोलते, आणि जिला नाही ती नुसती यादी करून घरी जाते. दोघींचंही बरोबरच आहे.

जागा शक्यतो वरच्या मजल्यावरची घ्या. दार उघडं राहू दे, दारापाशी दोन खुर्च्या मोकळ्या ठेवा आणि ‘मध्येच उठून गेलात तरी चालेल’ हे सुरुवातीलाच सांगा. बैठक किती वाजता संपणार तेही सांगा आणि त्याच वेळी संपवा. पुराचे फोटो, व्हिडिओ दाखवू नका. भोंग्याची चाचणी करायची असेल तर आधी सांगून करा, कारण अचानक भोंगा वाजला किंवा ओल्या गाळाचा वास आला की शरीर आधी घाबरतं, विचार मागून येतो.

आई, एखादी बोलता बोलता गप्प झाली, नजर एका जागी खिळली, हात गार पडले, तर तिला गदागदा हलवू नकोस आणि न विचारता पाठीवरून हातही फिरवू नकोस. समोर बस, नावाने हाक मार, आज कुठला वार आहे, आपण कुठे आहोत ते हळू आवाजात सांग. पावलं जमिनीवर दाबायला सांग, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांग. डोळे मिटायला मात्र सांगू नकोस. मिटल्यावर पुराचंच चित्र समोर येतं. ‘जोरजोरात श्वास घे’ हेही नको, त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरगुंडी वाढते. श्वास नेहमीसारखा घ्यायचा आणि सोडताना लांबवायचा, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर.

‘देवाची इच्छा’, ‘तळिये गावात तर अख्खी घरं दरडीखाली गेली, आपण वाचलो’, ‘आता विसर’, ही वाक्यं प्रेमाने म्हटली तरी समोरचीचं तोंड बंद करतात. ‘आत्ता तुला काय हवंय?’ एवढं विचारलंत तरी पुरे.

बाबा, तुम्ही अर्ज लिहून देता. पंचनामा, बँक, विमा, प्रत्येक खिडकीपाशी बाईला तेच पहिल्यापासून सांगावं लागतं आणि दर वेळी जखम उकरली जाते. तिच्या शब्दांत एकदाच लिहून घ्या, वाचून दाखवा, सही घ्या, चार झेरॉक्स करून तिच्याजवळच द्या. पुढे गरज पडली तर कागद दाखवायचा. गटाच्या वहीत मात्र कोणाचा त्रास लिहायचा नाही. लहान गावात अशी वही घरोघर फिरते.

वाईट स्वप्नं, दचकणं, नदीकडचा रस्ता टाळणं हे थोडे दिवस चालतंच. महिन्याहून जास्त टिकलं आणि घरकाम, दुकान, झोप यांवर परिणाम होऊ लागला, तर उपचार हवेत. इतक्या वर्षांनीही उशीर झालेला नसतो. आठवणींवर टप्प्याटप्प्याने काम करणारं समुपदेशन साधारण ८ ते १२ भेटींचं असतं. पुरुषांत हे दारूतून किंवा चिडचिडीतून दिसतं. मुलांत दिसतं ते अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय परत येण्यातून, आईला न सोडण्यातून. शेजाऱ्याची झोपेची गोळी कोणी कोणाला देऊ नये. वय झालेली माणसं त्याने रात्री तोल जाऊन पडतात. आणि कोणी ती बरेच महिने घेत असेल तर एकदम बंदही करू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी.

कोणी ‘जगून काय करू’ म्हणालं तर विषय बदलू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, कीटकनाशकं आणि गोळ्या घरातून हलवा, आणि १४४१६ला तिथूनच फोन लावा. ही टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर आधी १०८. कोणी प्रयत्न केला असेल तर पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून लपवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५नुसार अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच धरलं जातं आणि तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे. पुढच्या उपचारासाठी रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला लोक बिचकतात, म्हणून पहिल्या खेपेला सोबत कोणीतरी जावं. नुसती चिठ्ठी हातात दिली तर बाई बहुतेक एसटीत बसतच नाही.

आणि तुम्ही दोघांनी प्रत्येकाचं ऐकत बसायचं नाही. आईलाही त्या रात्रीचं आठवतं. एका दिवशी दोन घरं पुरेत, आणि सोबत गावच्या आशाताईंना (आरोग्य खात्याच्या आशा स्वयंसेविकेला) घ्या. कोणाचं नाव त्यांना सांगायचं असेल तर आधी त्या व्यक्तीला विचारा. ती नाही म्हणाली आणि जिवाला धोका नसेल, तर सांगू नका, आठवड्याने पुन्हा भेटा. बैठकीसाठी कुठली खोली मिळते ते कळवा, म्हणजे खुर्च्या कशा मांडायच्या ते फोनवर ठरवू.

तुमची,
मीनल