न्यूट्रॉन कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील कोल्ड फ्यूजनवरचा, म्हणजे साध्या तापमानालाच अणुकेंद्रके जुळवून ऊर्जा मिळते या दाव्यावरचा लेख वाचला, आणि त्यावर आलेली पत्रेही. हे घडते कसे ते सांगता येत नाही, म्हणजे सगळी भोंदूगिरी, असा बहुतेकांचा सूर आहे. तो मला पटत नाही. पण लेखातला उत्साहही पटत नाही.

मी चेंबूरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. वर्गात अणुशक्तीनगरची मुले पुष्कळ. 23 मार्च 1989 रोजी अमेरिकेत युटा येथे फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी जड पाण्यातल्या पॅलेडियम धातूच्या कॅथोडमधून (ऋणाग्रातून) रसायनशास्त्राच्या हिशेबात न बसणारी उष्णता मिळाल्याचे जाहीर केले. पुढे कित्येक दिवस ती मुले प्रश्न घेऊन स्टाफरूममध्ये येत. त्यांना मी फळ्यावर एक हिशेब करून दाखवत असे, तोच इथे देते.

ड्यूटेरियम म्हणजे जड पाण्यातला जड हायड्रोजन. त्याची दोन केंद्रके एकत्र आली, की साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि निम्म्या वेळा ट्रिटियम, म्हणजे त्याहून जड असा किरणोत्सारी हायड्रोजन, तयार होते. हेलियम-4 आणि गॅमा किरण ही वाट कोटीत एखाद्या वेळची. या मार्गाने एक वॅट उष्णता मिळवायची, तर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन निघायला हवेत. शेजारी उभा असलेला प्रयोगकर्ता वाचणारच नाही. ते तर सगळे धडधाकट होते! म्हणून नवा सिद्धांत घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच: न्यूट्रॉन कुठे गेले?

धातूतले इलेक्ट्रॉन केंद्रकांमधले प्रतिकर्षण थोडे झाकतात, हे मोजलेले सत्य आहे. त्याने अभिक्रियेचा वेग वाढतो, पण न्यूट्रॉन नाहीसे होत नाहीत. 2025 मध्ये कॅनडातल्या गटाने पॅलेडियममध्ये ड्यूटेरियम विद्युत-रासायनिक पद्धतीने भरून अभिक्रियेचा वेग सरासरी 15 टक्क्यांनी वाढवला, तो न्यूट्रॉन मोजूनच. विडम आणि लार्सन यांचा 2006 चा सिद्धांत वेगळा: पृष्ठभागावर ‘जड’ झालेला इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये शिरून मंद न्यूट्रॉन बनतो. त्यासाठी लागणारी 0.78 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे अणुकेंद्रकांच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जा एका इलेक्ट्रॉनपाशी कशी गोळा होते, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेले नाही. हॅगेलस्टाइन हे आणखी एक सिद्धांतकार म्हणतात, हेलियम-4 बनताना सुटणारी ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांत वाटली जाते. म्हणजे जवळजवळ 24 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे कोट्यवधी तुकडे, तेही एकदम. कल्पना धाडसी आहे, पण निदान मूळ प्रश्नाला ती भिडते.

अतिवाहकता, म्हणजे अतिशय थंड केलेल्या काही धातूंचा विद्युतरोध नाहीसा होणे, 1911 मध्ये दिसली आणि तिचे समाधानकारक स्पष्टीकरण 1957 मध्ये मिळाले, हा दाखला नेहमी दिला जातो. पण ती सुसज्ज प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसत होती. इथे गूगलने पैसा पुरवलेल्या गटांना काही वर्षे खपूनही उष्णतेचा पुरावा मिळाला नाही, असे त्यांनी 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आपल्या ट्रॉम्बेचे काम, आणि लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. पी. के. अय्यंगार भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक असताना तिथल्या अनेक गटांनी 1989 मध्येच हे प्रयोग केले. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी नोंदवले, की ट्रिटियम मिळाले, पण त्याच्या कोटीभर अणूंमागे न्यूट्रॉन जेमतेम एक. नेहमीच्या अभिक्रियेत हे प्रमाण जवळपास सारखे असते. आकडा खरा असेल, तर वर सांगितलेल्या प्रत्येक सिद्धांताने त्याला उत्तर दिले पाहिजे. जड पाण्यात ट्रिटियम आधीपासूनच असू शकते आणि विद्युत-विघटनाने त्याचे प्रमाण वाढते, हा आक्षेपही तितकाच खरा. दोन्ही तपासता येण्याजोगे आहे: शेजारी साध्या पाण्याचा घट ठेवा, नमुने खुणा पुसून दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवा, आणि निकाल नकारार्थी आला तरी छापा.

ट्रॉम्बेने तो प्रयोग पुन्हा करावा, ही माझी कळकळीची विनंती. चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेने त्या जुन्या आकड्यांवर एक जाहीर चर्चा ठेवावी, आणि आपण तिचा वृत्तांत सविस्तर द्यावा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, चेंबूर, मुंबई