लायसन्स सर्व्हर आणि उशिरा उठणारी बोंब

प्रिय अभिजित,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुमच्याकडे रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या मशीनवरून दूरच्या सर्व्हरवर, लॉगिन होत नाहीये म्हणतोस. ‘काहींचं चालतंय, काहींचं नाही, आणि रोज त्यात एक-दोघांची भर पडतेय’ हे वाचलं आणि पुढचं वाचायच्या आधीच माझा संशय लायसन्स सर्व्हरवर, म्हणजे या वापराची लायसन्स वाटणाऱ्या सर्व्हरवर गेला. नेटवर्क गेलं की सगळे एकदम ओरडतात. सेशन होस्ट, म्हणजे सगळे ज्यावर लॉगिन करतात तो सर्व्हर, झोपला तरी तेच. लायसन्स सर्व्हर गेला तर मात्र आधी कुणालाच काही कळत नाही, मग एकेक जण गळायला लागतो. तोवर त्या सर्व्हरला कुणी हात लावला होता का, हेही कुणाला आठवत नाही.

तुमच्याकडे कॅल, म्हणजे ही वापराची लायसन्स, ‘पर डिव्हाइस’ (माणसागणिक नव्हे, मशीनगणिक) आहेत असं तू लिहिलंस, म्हणून हे नीट समजून घे. मशीन पहिल्यांदा जोडलं की त्याला ९० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स मिळतं. त्याच मशीनवरून पुन्हा लॉगिन झालं की पक्कं. पक्कं म्हणायचं एवढंच, कारण त्यालाही मुदत असते, ५२ ते ८९ दिवसांच्या मधली कुठलीतरी, आणि प्रत्येक मशीनच्या वाट्याला वेगळी. मुदत संपायला ७ दिवस उरले की मशीन नव्याने लायसन्स मागायला लागतं. तोपर्यंत जुनं लायसन्स त्या मशीनच्याच रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, ‘एमएसलायसेन्सिंग’ नावाच्या कीखाली पडून असतं. तेच दाखवून मशीन आत जातं आणि लायसन्स सर्व्हर जिवंत आहे का, हे विचारायची वेळच येत नाही. त्यामुळे सर्व्हर आज बंद पडला तरी एकजण परवा अडकतो आणि त्याच्या शेजारच्याचं पुढचे दोन महिने सुरळीत चालू राहतं. हेल्पडेस्क बिचारा अडकलेल्याचं मशीन फॉरमॅट करत बसतो.

सगळेच एका दिवशी अडकले असते तर मी वेगळं म्हणालो असतो. नव्या सेशन होस्टला १२० दिवसांचा ग्रेस पिरियड असतो. तेवढे दिवस लायसन्स सर्व्हर नसला तरी सगळे आत येतात. तो संपला की सरसकट दार बंद. तुझं तसं दिसत नाही.

आता तुझ्या त्या वाक्याबद्दल, ‘मी स्वतः लॉगिन करून पाहिलं, काहीच अडचण नाही’. तू ‘एमएसटीएससी’ला, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या प्रोग्रामला, ‘स्लॅश ॲडमिन’ लावून गेला असणार, आपण सगळे तसेच जातो. त्या वाटेने कॅल लागतच नाही. व्यवस्थापनासाठी दोन सेशन फुकट असतात, त्यातलं एक तू वापरलंस. सगळं बंद पडलं तरी सर्व्हरवर पोचायला ही वाट सोन्यासारखी आहे, पण तिच्यावरून निदान करू नकोस. ज्याचं अडलंय त्याच्याच मशीनवर, त्याच्याच खात्याने पाहा.

पुढचं काम सेशन होस्टवर. तिथे ‘रिमोट डेस्कटॉप लायसेन्सिंग डायग्नोझर’ उघड. लायसन्स सर्व्हर कुठला ठरवलाय, तो सापडतोय का, कॅल किती उपलब्ध आहेत, मोड (मशीनगणिक की माणसागणिक) जुळतोय का, हे तो स्पष्ट सांगतो. सर्व्हर सापडत नसेल तर आधी त्याची सर्व्हिस चालू आहे का बघ, मग फायरवॉल. इथे बरेच जण फसतात. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडा आहे म्हणून ते निश्चिंत असतात, पण लायसन्सची बोलणी आरपीसीवर, म्हणजे विंडोज मशीनच्या आपसात बोलायच्या वेगळ्या पद्धतीवर चालतात. त्यासाठी १३५ आणि ४९१५२ पासून ६५५३५ पर्यंतचे पोर्ट लागतात. फायरवॉल ‘कडक’ करणाऱ्याने ते मधल्यामध्ये बंद केले तर कुणालाही त्या दिवशी काही जाणवत नाही.

पण म्हणून घाईघाईत सगळीकडून सगळं उघडून बसू नकोस. जुलै २०२४ मध्ये याच लायसेन्सिंग सर्व्हिसमधल्या सुरक्षेतल्या एका भोकासाठी पॅच आला होता, त्या भोकाचा क्रमांक सीव्हीई-२०२४-३८०७७. लॉगिनशिवाय सर्व्हरवर कोड चालवता येईल असं ते भोक, तीव्रता १० पैकी ९.८. सेशन होस्टपासून लायसन्स सर्व्हरपर्यंत, एवढंच उघड. आणि पॅच बसलाय का तेही बघून घे.

सर्व्हर परत आला आणि तरीही एखादं मशीन हट्टाने अडलं, तर त्याच्या रजिस्ट्रीतली ती एमएसलायसेन्सिंग की बॅकअप घेऊन काढून टाक आणि एकदा ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने रिमोट डेस्कटॉप चालव. ते नवं लायसन्स घेईल. सर्व्हर बंद असताना मात्र हे मुळीच करू नकोस, हाती असलेलंही जाईल. ग्रेस पिरियडची की उडवून १२० दिवस पुन्हा मोजायला लावायची युक्ती तुला कुणीतरी नक्की सांगेल. ती लायसन्सच्या अटींत बसत नाही आणि मूळ दुखणं तसंच राहतं, त्यामुळे मला ती अजिबात पसंत नाही.

सवड मिळाली की दुसरा लायसन्स सर्व्हर उभा कर, कॅल दोघांत वाट आणि ग्रुप पॉलिसीत, म्हणजे मशीनना एकत्र सेटिंग लावायच्या जागी, दोन्ही नावं स्वल्पविराम देऊन लिही. आवृत्ती मात्र सांभाळ. विंडोज सर्व्हर २०१९ चे कॅल २०२२ च्या सेशन होस्टला चालत नाहीत, उलट चालतात. कराराचा क्रमांक आणि कॅलची संख्या त्या सर्व्हरच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेव. सर्व्हर नव्याने बांधायची वेळ आली तर मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरिंगहाऊसला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या त्यांच्या केंद्राला, तेच द्यावं लागतं, आणि नेमकं तेव्हा ते कुणाला सापडत नाही.

डायग्नोझर काय म्हणतो ते कळव. आणि अडकलेल्या मशीनची यादी कर, प्रत्येकापुढे अडकल्याची तारीख घाल. त्यातली सगळ्यात जुनी तारीख घेऊन फायरवॉलच्या बदलांची नोंद मागव, पण तीन महिने मागपर्यंतची. त्या तारखेच्या आसपासचीच मागवलीस तर हाती काही लागणार नाही.

तुझा,
मकरंद