सम्याला पत्र: बोटं दुखतात म्हणून गाडी विकू नकोस

प्रिय सम्या,

काल फोनवर तू म्हणालास की पन्हाळ्याकडच्या कच्च्या रस्त्यांवरून आल्यावर दोन दिवस बोटं आखडलेली होती, आणि आता तुझी एक्सपल्स बाईक विकून टाकावी असं वाटतंय. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून विषय जातच नाहीये. फोनला रेंज नव्हती, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. लांबेल, पण पूर्ण वाच.

माझं काय झालेलं ते तुला कधी सांगितलंच नाही. पहिल्या पावसाळ्यात आम्ही चौघं वेल्ह्याकडे गेलो होतो, केळदच्या अलीकडे मुठीएवढे दगड आणि वरून चिखल, गाडी घसरेल या भीतीने मी हँडल जे आवळलं ते सोडलंच नाही, आणि तासाभरात कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखे टणक झाले. क्लच दाबायचाय हे कळतंय पण बोटं मिटेनात. एका उतारावर ब्रेक उशिरा लागला आणि गाडी बांधाला जाऊन टेकली. लागलं काही नाही, पण टपरीवर थांबलो तेव्हा हेल्मेटचा पट्टा मला सोडवता येईना, शेजारच्या पोराने सोडवला, चहाचा ग्लास मी दोन्ही तळव्यांमध्ये धरून प्यायलो. त्या दिवशी मलाही वाटलं होतं की हे आपल्याला जमणारं काम नाही.

याला आर्म पंप म्हणतात. मूठ सतत आवळलेली राहिली की कोपराखालचे स्नायू फुगतात, पण त्यांच्यावरचं आवरण काही फारसं ताणत नाही, मग आत दाब वाढतो, रक्त नीट खेळत नाही आणि पकडीची ताकद जाते. बोटं मिटवणारे मोठे स्नायू तिथेच कोपराखाली असतात, म्हणून नुसती बोटं चोळून काही होत नाही. आणि तू जे महागडे जेलवाले ग्लोव्हज बघतोयस ना, ते आत्ता घेऊ नको. आधी पाय बघ.

हो, पाय! खडबडीत रस्ता आला की उभं राहायचं, पावलाचा पुढचा भाग फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंटीवर, गुडघे आणि पोटऱ्यांनी गाडी दोन्ही बाजूंनी धरायची, कमरेतून पुढे वाकायचं. शरीर पायांनी धरलं गेलं की हातांना फक्त हँडल वळवायचं आणि ब्रेक-क्लचचे लिव्हर दाबायचं एवढंच काम उरतं. मी एक खूण ठेवलीय, चालत्या गाडीवर मधूनच दोन्ही हातांची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवून बघायची, हलली नाहीत तर समजायचं की आपण हँडलला लटकलोय. 2024 च्या डकार रॅलीत, म्हणजे वाळवंटातल्या त्या लांबलचक शर्यतीत, बाईकच्या रॅली 2 गटात पहिला आलेला आपला हरिथ नोआ, त्याचे व्हिडिओ बघ, खाली गाडी कशी उड्या मारते आणि खांदे किती सैल असतात ते. उतारावर तर हे जास्तच, तिथे आपण बसून राहतो आणि सगळं वजन तळव्यांवर येतं, माझं तेच झालं होतं.

आता गाडीकडे ये. तू उभा राहून चालवतोस तेव्हा लिव्हर कुठे येतात ते कधी बघितलंयस का? घरी कुणालातरी गाडी सरळ धरायला सांग, फूटपेगवर उभा राहा, डोळे मिट आणि बोटं लिव्हरवर ठेव. कोपरापासून बोटांच्या पेरापर्यंत सरळ रेघ आली पाहिजे. मनगट वर मुडपत असेल तर लिव्हर जास्त वर आहे, पाना घे, लिव्हरला हँडलवर धरून ठेवणारा क्लॅम्प सैल कर आणि थोडा खाली फिरव. शिवाय क्लॅम्प हँडलवर थोडा आत सरकव, म्हणजे तुझं बोट लिव्हरच्या टोकाशी पडेल आणि कमी जोरात काम होईल. मग एका बोटाने, फार तर दोन बोटांनी ब्रेक-क्लच होतो, बाकीची बोटं ग्रिपवर, म्हणजे हँडलच्या रबरी मुठीवर राहतात. क्लॅम्प अगदी करकचून आवळू नकोस, गाडी पडली की लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. चिखलात गेल्यावर क्लच केबल कोरडी पडते आणि जड होते, तिच्यात तेल सोड. या एका गोष्टीने माझ्या डाव्या हाताची करंगळी दुखायची थांबली, खोटं नाही सांगत. तू उंच आहेस, तुला हँडल उंच करायला त्याखाली रायझरही लागतील बहुतेक, पण ते नंतर, आधी आहे ते सेट कर.

थ्रॉटल धरताना दाराची गोल मूठ फिरवतो तसं जरा तिरकं धर, कोपर बाहेर. नाहीतर पूर्ण थ्रॉटल देताना मनगट खाली लटकतं आणि तिथूनच दुखायला लागतं.

ग्लोव्हज घट्ट नकोत. बोटांची टोकं आत टेकत असतील तर नखं काळी पडतात, सैल असतील तर चुण्या पडून अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतात. घालून मूठ मिटून बघ, तळव्यावर शिवण टोचली तर परत ठेव. ग्रिपही तसंच, हात लहान असताना जाड ग्रिप घेतलं तर जास्त आवळावं लागतं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. नुसतं आखडणं वेगळं आणि मुंग्या येणं वेगळं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या टाचेवर हँडल दाबून तिथली नस चेमटत असते, अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटातली नस. राईडनंतर थोड्या वेळात गेलं तर सेटिंग बदल, पण रात्री झोपेत मुंग्या येत असतील किंवा हातातून वस्तू पडत असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, गोळी खाऊन राईड मारू नकोस. दोन आठवडे गाडी उभी राहिली तरी चालेल रे, तुझा हात महत्त्वाचा आहे.

निघताना पहिली दहा-पंधरा मिनिटं हळू चालव, हात गरम होऊ देत. श्वास रोखून धरू नकोस, अवघड पॅच आला की आपण सगळेच रोखतो, मी तर अजूनही मोठ्याने आकडे मोजत जातो म्हणजे श्वास चालू राहतो. पाणी पीत राहा. घरी पाण्याची अर्धी बाटली घेऊन मनगट वर-खाली करायचं, आठवड्यातून तीनदा पुरे, राईडच्या आदल्या दिवशी नको.

शनिवारी एवढं कर, लिव्हर सेट कर आणि गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर फक्त अर्धा तास उभं राहून चालव. आल्यावर मला सांग, दुखलं तर नेमकं कोणतं बोट, डावं की उजवं, आणि किती वेळाने. मी पुढच्या रविवारी पहाटेच तुझ्याकडे यायला निघतोय, पानांचा सेट माझ्याकडे आहे, तू फक्त गाडी धुवून ठेव. आणि तोवर गाडीची जाहिरात काढून टाक.

तुझाच,
पक्या